कूलर, छत की भिंती: हातात आधी काय घ्यायचं?

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलरवरची चादर निघते. त्याच आठवड्यात बैठकीच्या भिंती कळकट दिसायला लागतात आणि वर स्लॅबही तापू लागते. रविवार मात्र आठवड्यातून एकच. तिन्ही कामं माणूस न लावता होतात. मी ती केली आहेत, आणि पहिल्या वर्षी नेमकी उलट्या क्रमाने केली.

तेव्हा आधी रंग घेतला, कारण पाहुण्यांना दिसतात त्या भिंती. पुट्टी, घासकाम, प्रायमर, वर दोन हात. दहा बाय बाराच्या खोलीत सुटीचे तीन दिवस गेले. जुलैत झड लागली आणि छताखालच्या कोपऱ्यात रंग पापडासारखा फुगला. बोट लावलं तर पुट्टीचं ओलं पीठ हाताला आलं. पाणी वरून झिरपत होतं, रंग बिचारा काय करणार! ज्या भिंतीला ओल आहे तिला रंग देणं म्हणजे पैसे भिजत घालणं. शिवाय हे काम दिवाळीपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही.

कूलरचं तसं नाही, पण ते अर्ध्या दिवसाचं काम. ताट्या बदला, टाकीतला खार खरवडा, पंपाची जाळी धुवा, पंख्याला तेल द्या. हवा कोरडी असते तोवरच कूलरची खरी मजा. पाऊस सुरू झाला की तो नुसता दमट वारा फेकतो. एकाच गोष्टीत हयगय नको: प्लग काढल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. ओला पत्रा, सैल वायर आणि नसलेलं अर्थिंग, यापायी इथे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा, तिथे स्वतःचा हात चालवू नका. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच घरात वाढतील.

आता छत. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करा, कारण एकाच कामात ऊन आणि पाऊस दोन्ही सांभाळले जातात. २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही स्लॅब आग ओकते. पांढऱ्या लेपाने खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. कूलर तेवढ्याच पाण्यात मग जास्त गारवा देतो.

पण लेपाआधी भेगा. पन्हाळीतला पालापाचोळा काढा, तिची तोंडं बंद करून छतावर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवा आणि खालून पाहा. जिथे डाग उमटेल तिथली भेग छिन्नीने इंग्रजी व्हीसारखी उघडा, तारेच्या ब्रशने धूळ काढा, ओलवा आणि पॉलिमरचा मसाला दाबून भरा. तो वाळला की लेप. चुना स्वस्त, पण पावसात धुपतो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. अॅक्रिलिक लेप महाग पडतो, पण टिकतो. कोणताही घ्या, सकाळी आठच्या आत उरका. मी भर दुपारी चढलो होतो. "कायले चढून राहिले उन्हात?" शेजारच्या काकू ओरडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं: तापल्या स्लॅबवर लेप लगेच वाळतो आणि पुढे सालपटासारखा निघतो. चुना भिजवताना उकळतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. कठडा नसेल तर हे काम स्वतः करू नका.

भाड्याने राहत असाल किंवा वर दुसऱ्याचं घर असेल, तर छत तुमच्या हातात नाही, कूलर उघडा. एप्रिलमध्ये घरात लग्न असेल तर रंग आधी येणारच, त्याला इलाज नाही. फक्त ओल आलेली भिंत सोडून बाकीच्या रंगवा.

आणखी एक. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळे भिंतींना बारीक भेगा जातातच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र लगेच बुजवू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. मृगापर्यंत ती खुणेपलीकडे सरकली, तर पुट्टीचा डबा बाजूला ठेवून इंजिनिअरला बोलवा.