सोलापुरातील विद्यार्थी संवादवर्ग : पद्धत उत्तम, वेळ मात्र बदलायला हवी

सोलापुरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चालणारा संवादवर्ग मी गेल्या सत्रात पूर्ण केला. आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी, तेच विद्यार्थी आणि तेच दोन संवादक एकत्र बसतात. शुल्क नाही आणि श्रेयांकही नाहीत. जात, धर्म, भाषा आणि घरची परिस्थिती यांमुळे एकमेकांपासून दूर राहिलेल्या मुलामुलींनी नेमक्या याच विषयांवर एकमेकांशी बोलायला शिकावे, एवढाच त्याचा हेतू आहे. नाव नोंदवावे की नाही, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अशा वर्गाची गरज या शहराला आहे, हे माझे ठाम मत आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात, पण डबा उघडताना आपापल्या वस्तीतल्या ओळखीच्यांकडे जातात. २००४ पर्यंत इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्यानंतर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ असले की वर्गातील बहुतेक जण जवळपासचेच असतात, आणि म्हणून आडनाव ऐकताच गाव, वस्ती आणि जात यांचा अंदाज बांधणे सर्वांना सोपे जाते. ‘पूर्ण नाव सांग’ हा प्रश्न खोली भाड्याने शोधणाऱ्या मुलाला किती वेळा ऐकावा लागतो, हे मला या वर्गात बसल्यावरच नीट समजले.

पद्धत विचारपूर्वक आखलेली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून अशा आंतरगट संवादाचा कार्यक्रम चालतो. त्यात वेगवेगळ्या सामाजिक गटांतून आलेले दोन संवादक जोडीने वर्ग चालवतात आणि तोच गट अनेक आठवडे भेटत राहतो. आमच्या वर्गाने ही दोन्ही सूत्रे घेतली आहेत. नियम दोनच, पण कडक आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलायचे, ‘आमचे लोक’ किंवा ‘तुमचे लोक’ असे म्हणायचे नाही. आणि उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगून ‘मला बरोबर समजले का?’ असे त्यालाच विचारायचे. हा दुसरा नियम फार कठीण जातो. आपल्या महाविद्यालयांत वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे चांगले बोलणारी मुले भरपूर तयार होतात. परंतु दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा रीतीने मांडण्याचा सराव त्यांना कोणी दिलेला नसतो. घरी तेलुगू बोलणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, की मराठी उच्चारांना कोणी हसेल या भीतीने तिने पदवीच्या काळात वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. त्यावर एकाने लगेच ‘आम्ही गमतीने हसतो’ असे उत्तर दिले. संवादकांनी त्याला थांबवून आधी तिचे म्हणणे सांगायला लावले. तिसऱ्या प्रयत्नात ते तिला पटले, आणि त्यानंतर त्याला वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज वाटली नाही.

१२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांवरील सत्रही लक्षात राहण्यासारखे होते. त्यांच्या ऐक्याचा गौरव आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. येथे मात्र प्रत्येकाला विचारले गेले, की या चौघांपैकी कोणाची गोष्ट तुमच्या घरी सांगितली जात असे. आणि उत्तरे घरागणिक वेगळी निघाली.

आता उणिवा. आरक्षणाचा विषय निघाला आणि आवाज चढले, तेव्हा संवादकांनी चहाची सुट्टी जाहीर केली आणि परतल्यावर दुसराच विषय घेतला. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते तेव्हा काय वाटते, हे एक जण नुकतेच सांगू लागला होता. त्याचे बोलणे अर्धवटच राहिले. ज्यांनी भेदभाव सोसला आहे त्यांनी दर वेळी आपले दुःख मांडायचे आणि इतरांनी त्यातून शिकायचे, हा भार एकाच बाजूवर पडतो. इतरांना त्यांच्या सवलतींविषयी, म्हणजे घरी मिळालेली अभ्यासाची खोली, ओळखीचे प्राध्यापक, आडनावामुळे सहज मिळालेले घर यांविषयी, तितक्याच नेमकेपणाने बोलायला लावले पाहिजे.

सर्वांत गंभीर दोष वेळेचा आहे. शनिवारी दुपारी यंत्रमागावर पाळी करणारे विद्यार्थी येऊ शकत नाहीत. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून ये-जा करणाऱ्या मुलींना परतीची एसटी गाठायची असते. आईसोबत विड्या वळणाऱ्या मुलींचा तोच कामाचा वेळ असतो. परिणामी त्यांच्याविषयी चर्चा होते, पण त्या चर्चेत ते स्वतः नसतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले, की गटांतील पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा लागतो. वेळापत्रकातील नियमित तासिका देणे हा त्या पाठिंब्याचा अगदी साधा भाग आहे, आणि महाविद्यालयाने तोच दिलेला नाही.

एवढे असूनही मी या वर्गाची शिफारस करतो. समाजकार्य, अध्यापन किंवा प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्यांनी तो अवश्य करावा. केवळ प्रमाणपत्र हवे असलेल्यांनी दुसऱ्याची जागा अडवू नये. पुढील तुकडीसाठी आयोजकांकडे माझ्या दोन लेखी सूचना आहेत : वर्ग सकाळच्या नियमित तासिकांमध्ये घ्यावा, आणि दोन संवादकांपैकी एकाला तरी तेलुगू किंवा कन्नड बोलता यावे.