लॉज इन, स्टे, वेज इन की स्टिक: कुठे कोणतं?

घशात काटा अडकतो, दाराच्या फटीत पाय अडकतो, ड्रॉवर अडकतो, ट्रॅफिकमध्ये माणूस अडकतो. मराठीत एका 'अडकणे'वर सगळं भागतं. इंग्रजीत मात्र वस्तू कशी अडकली यावर क्रियापद ठरतं.

काटा, गोळी किंवा काचेचा तुकडा आत जाऊन एका जागी थांबला आणि आपसूक निघत नसेल, तर 'लॉज इन': 'अ फिशबोन लॉज्ड इन हिज थ्रोट'. 'गॉट लॉज्ड'ही चालतं. काटा अजून आतच असेल तर 'इज लॉज्ड' म्हणा. 'अडकतोय'वरून 'इज लॉजिंग' केलं की चुकलं. मनात एखादी गोष्ट घर करून बसते, तिथेही 'लॉज्ड इन माय माइंड' शोभतं.

'वेज' म्हणजे मुळात पाचर. दोन्ही बाजूंनी दाब असेल तरच हे क्रियापद घ्या. खिडकी खडखडते म्हणून फटीत कागदाची घडी कोंबली, तर 'वेज द पेपर इन' असं मध्ये कर्म घालून 'इन' शेवटी ठेवता येतं. 'लॉज'चं तसं नाही. 'लॉज द बोन इन' इथे वाक्य तुटतं, कारण 'इन'नंतर जागा सांगावीच लागते. म्हणून काटेकोरपणे पाहिलं तर 'लॉज इन' हा फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेलं जोडक्रियापद नाही; इथलं 'इन' हे पुढच्या जागेला जोडणारं शब्दयोगी अव्यय आहे.

ड्रॉवर हलेनासा झाला की 'जॅम'. चहूबाजूंनी वेढलेलं, खोल रुतलेलं असेल तर 'एम्बेड'. ट्रॅफिकला साधं 'स्टक'. शंका आली तरी 'स्टक'च घ्या, सहसा चुकत नाही.

राहण्याच्या अर्थाने 'लॉज' म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्याने खोली घेऊन काही काळ राहणं. मूळ जुना फ्रेंच शब्द पानाफांद्यांच्या आडोशाचा, झोपडीचा. आपल्याकडच्या 'बोर्डिंग-लॉजिंग'च्या पाट्यांवर बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे खोली, हा फरक इंग्रजीतल्या जुन्या वापरातूनच आला. आज बोलताना हे क्रियापद जुनं वाटतं. हॉटेलात उतरलात तर 'स्टे ॲट' म्हणा. फॉर्मवर 'रिझाइड'. 'ड्वेल' कवितेसाठी ठेवा. 'ड्वेल ऑन' म्हणजे तर एखादी गोष्ट उगाळत बसणं.

आपल्या लोकांची खरी अडचण 'स्टे'ची. 'आय स्टे इन ठाणे' भारतात सगळ्यांना कळतं, पण लंडनमधला माणूस विचारेल, किती दिवसांसाठी? कायमचं घर असेल तर 'लिव्ह'. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हेही तसंच, तिकडे ते मुक्कामापुरतंच.

तक्रारीचं 'लॉज' वेगळं. त्याच्या पुढे 'विथ' येतं: 'लॉज्ड अ कम्प्लेंट विथ द पोलीस'. 'पोलिसांकडे'मधल्या 'कडे'मुळे आपण 'टू' लिहून बसतो.