हार्टफर्ड व्हेलर्सची पांढरी जर्सी, 9 नंबर: घ्यावी का?

आधीच सांगून टाकतो, जर्सी झकास आहे, टीम ठीकठाकच होती. हार्टफर्ड व्हेलर्स ही आइस हॉकीची टीम, 1997 ला अमेरिकेतलं कनेटिकट राज्य सोडून गेले, म्हणजे आता पाव शतक उलटून गेलं, तरी त्यांच्या टोप्या टीशर्ट जर्स्या अजून धडाधड खपतात आणि घालणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी त्यांची एकही मॅच बघितलेली नसते. मीही त्यातलाच, मी इकडे नोकरीला आलो तेव्हा टीम कधीच निघून गेली होती. पण इथल्या इन्शुरन्सवाल्या ऑफिसात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही नुसतं "व्हेलर्स" म्हणा आणि मग तुमचा लंच ब्रेक गेला समजा. तर तीन-चार वर्षं घेऊ घेऊ करत शेवटी 1979-80 सीझनच्या स्टाइलची पांढरी रेप्लिका घेतली, पाठीवर होव (त्यांचा एक खेळाडू, त्याची गोष्ट पुढे येते), 9 नंबर.

पहिलं काम, लोगो बघा. खाली हिरवा डब्ल्यू, वर निळी व्हेलची शेपटी, आणि दोघांच्या मधे जी पांढरी मोकळी जागा उरते तो हार्टफर्डचा एच. पीटर गुड नावाच्या कनेटिकटच्याच डिझायनरने 1979 ला केलेलं काम आहे हे आणि माझ्या मते अख्ख्या अमेरिकन स्पोर्ट्समधे याच्या तोडीचे लोगो हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बरेच जण वर्षानुवर्षं टोपी घालून फिरतात आणि त्यांना एच दिसलेलाच नसतो, एकदा दाखवला की मग दुसरं काही दिसत नाही. आता गंमत अशी की सगळा खेळ त्या रिकाम्या जागेवर आहे, त्यामुळे स्वस्तातल्या डुप्लिकेटमधे सगळ्यात आधी तीच जागा मार खाते. शिलाई जाड झाली की एच आखडतो, एक पाय बारीक एक जाड, किंवा शेपटी थोडी खाली सरकते आणि एच नुसताच एक पांढरा डाग होऊन बसतो. माझ्या जर्सीवर दोन्ही पाय सारखे आलेत, हिरवा आणि निळा तुकडा वेगळा कापून कडेने दाट झिगझॅग शिलाई मारलीय, बोट फिरवलं की कडा हाताला लागते. छापील नाही. डावीकडे एक धागा लोंबत होता तो कात्रीने कापला, विषय संपला.

कापड जाड पॉलिस्टर जाळीचं आहे, वजन चांगलंच जाणवतं, उन्हाळ्यात घालायच्या फंदात पडू नका. आतून पाठीच्या खालच्या बाजूला एक पट्टा शिवलाय बटणांसकट, पार्सल उघडल्यावर बायकोने विचारलं हे काय लहान मुलाच्या गाडीतल्या सीटसारखं. तो फाइट स्ट्रॅप. हॉकीत मारामारी झाली की समोरचा तुमची जर्सी डोक्यावरून ओढतो आणि तुमचे हात आत अडकतात, ते होऊ नये म्हणून जर्सी पॅंटला अडकवून ठेवायची. मला याचा उपयोग शून्य, पण असायला पाहिजे म्हणजे पाहिजेच. साइझचं म्हणाल तर हॉकीची जर्सी खांद्याच्या पॅडवरून घालायच्या हिशोबाने कापलेली असते, त्यामुळे नेहमीच्या मापाची घेतलीत तरी ढगळ बसते. मी एक साइझ कमी घेतली, आत स्वेटर घालूनही नीट बसते. बाह्या तरी लांबच आहेत. आणि कुणी विचारेल म्हणून, पांढरी का, तर तेव्हा एनएचएलमधे, म्हणजे हॉकीच्या मुख्य लीगमधे, घरच्या मैदानावर पांढरी आणि बाहेर रंगीत असा रिवाज होता, 2003 नंतर उलटं झालं. हार्टफर्डच्या लोकांनी आपल्या डोळ्यांसमोर जी बघितली ती पांढरी. इथे सगळे हिरवी घेतात, घेऊ देत.

आता तक्रार. नाव लिहीत नाही दुकानाचं, पण बॉक्समधे एक चकचकीत कार्ड टाकलं होतं, टीमचा इतिहास म्हणून, त्यात ठोकून दिलंय की व्हेलर्सनी हार्टफर्डमधे डब्ल्यूएचएचं पहिलं विजेतेपद जिंकलं. अहो कसलं हार्टफर्ड! 1973 ला जिंकलं तेव्हा टीमचं नाव न्यू इंग्लंड व्हेलर्स होतं आणि ते बॉस्टनला खेळत होते. एनएचएलला टक्कर द्यायला डब्ल्यूएचए नावाची दुसरी लीग 1972 ला सुरू झाली, त्यात ही टीम, आणि पहिल्याच सीझनला फायनलमधे विनिपेग जेट्सना हरवून अॅव्हको ट्रॉफी मारली. पण बॉस्टनमधे ब्रुइन्ससारखी एनएचएलची टीम असताना तुम्हाला कोण विचारतो. म्हणून मग हार्टफर्ड, जिथे सिविक सेंटर नावाचं नवीन स्टेडियम बांधून होत होतं, आणि जानेवारी 1975 पासून तिथे मॅचेस. इतके पैसे घेता तर कार्डावर चार ओळी तरी धड लिहा ना. त्या काळची जर्सी पण मिळते, डब्ल्यूमधून हार्पून आरपार गेलेला, व्हेल मारायचा भाला. दिसायला भारी आहे पण तिच्यात एच नाही, मग माझ्या दृष्टीने मजाच नाही.

त्या सिविक सेंटरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मी मूळचा सिविल इंजिनियर असल्यामुळे तर नाहीच. 18 जानेवारी 1978, पहाटे चारच्या सुमारास, बर्फाच्या वजनाने अख्खं छप्पर खाली. काही तासांपूर्वी तिथे कॉलेजची बास्केटबॉल मॅच झाली होती, जवळजवळ पाच हजार लोक आत बसले होते. छप्पर पडलं तेव्हा आत कुणी नव्हतं, एकालाही खरचटलं नाही. छप्पर म्हणजे स्टीलची स्पेस फ्रेम, दांड्यांची त्रिमितीय जाळी, साधारण 300 बाय 360 फूट, डिझाइन कॉम्प्युटरवर केलेलं आणि त्या काळात त्याचं फार कौतुक. नंतर चौकशीत निघालं की दाबाखाली येणाऱ्या मेंबर्सना, म्हणजे दांड्यांना, जिथे आडवा आधार मिळतोय असं हिशोबात धरलं होतं तिथे तो प्रत्यक्षात पुरेसा नव्हताच, मेंबर वाकायला लागले की एकाचा भार दुसऱ्यावर दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि बांधकामाचं स्वतःचं वजनही कमी धरलेलं. बांधतानाच छप्पर अपेक्षेपेक्षा जास्त झुकलं होतं, तेव्हाही कुणी मनावर घेतलं नाही. त्या दिवसाचा बर्फ म्हणजे फक्त निमित्त. कॉलेजात ही केस शिकवतात अजून. टीम मग दोन वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला खेळली, आणि जे लोक हार्टफर्डहून 91 नंबरच्या हायवेने दर मॅचला तिकडे जायचे त्यांचा आय-91 क्लब झाला. आमच्या ऑफिसातला एक रिटायरमेंटला आलेला माणूस त्यातला, तो हे सांगताना कारगिलला जाऊन आल्यासारखा चेहरा करतो.

म्हणजे बघा, माझी ही जर्सी पहिल्यांदा अंगावर चढली तेव्हा हार्टफर्डचं नाव छातीवर आणि घर दुसऱ्या राज्यात. 1979 ला डब्ल्यूएचए बंद पडली आणि तिच्यातल्या चार टीम एनएचएलने घेतल्या, एडमंटन, क्विबेक, विनिपेग आणि हे. न्यू इंग्लंड म्हणजे बॉस्टन-हार्टफर्ड धरून तो सगळा भाग, ब्रुइन्सना ते नाव खपणार नव्हतं, म्हणून हार्टफर्ड व्हेलर्स. एका परीने ब्रुइन्सचे उपकारच म्हणायचे, नाहीतर तो एच कुठून आला असता. फेब्रुवारी 1980 ला दुरुस्त झालेल्या सिविक सेंटरमधे परत आले.

आणि त्याच सीझनला 9 नंबर घालून गॉर्डी होव खेळला. वय 51, सीझन संपेपर्यंत 52 झालं. 1946 ला एनएचएलमधे आलेला माणूस 1980 ला सगळ्याच्या सगळ्या 80 मॅच खेळतो आणि 15 गोल करतो! टीममधे त्याची दोन मुलं, मार्क आणि मार्टी. याच वयात मला जिना चढून आल्यावर दोन मिनिटं बसावं लागतं. त्याच सीझनमधे बॉबी हल पण थोडे दिवस हार्टफर्डला होता, त्याचा ओळखीचा नंबर 9, पण इथे 9 होवकडे, म्हणून हलने गुपचूप 16 घातला. पाठीवरच्या नावाचं शिवणकाम माझ्या जर्सीवर चांगलं आहे, अक्षरं सरळ रेषेत, 9 च्या पोटात सुरकुती नाही. माझ्या मित्राने दुसरीकडून घेतलेल्याचा 9 एका धुण्यात फुगला, ड्रायरमधे टाकली होती त्याने. उलटी करून थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळत घाला, ड्रायर बंद.

1982-83 ला या लोकांनी शॉर्ट पॅंटऐवजी पायघोळ पॅंट घालून बर्फावर खेळायचा प्रकार केला होता, फिलाडेल्फियाच्या टीमचं बघून. पडला की खेळाडू थांबायचाच नाही, घसरत थेट कडेच्या बोर्डवर. बंद झालं ते. नशीब त्याची रेप्लिका कुणी विकत नाही.

टीम ठीकठाक म्हणालो त्यावर इथले लोक चिडतील म्हणून हिशोब मांडतो. एनएचएलमधे 18 सीझन, प्लेऑफला 8 वेळा, आणि जिंकलेली सिरीज किती, तर एक. 1986 ला क्विबेकला 3-0 ने उडवलं, मग मॉन्ट्रियलशी सात मॅचपर्यंत झुंज आणि सातव्यात ओव्हरटाइमला 2-1 ने हरले. दुसऱ्या राउंडला हरून आलेल्या या टीमची हार्टफर्डने डाउनटाउनमधून मिरवणूक काढली! बाकी शहरं यावरून आजही हसतात. मला उलट त्यातच खरी गंमत वाटते, पुढच्या वर्षी डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली पण आठवण निघते ती हरल्याच्या मिरवणुकीचीच. मग मार्च 1991 ला कॅप्टन राहून चुकलेला, दहा वर्षं टीमचा कणा असलेला रॉन फ्रान्सिस त्यांनी पिट्सबर्गला देऊन टाकला, सोबत उल्फ सॅम्युअलसन. पिट्सबर्गने त्याच वर्षी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि पुढच्या वर्षी परत जिंकला. इथे जखमेवर मीठ म्हणजे काय ते आमच्या ऑफिसवाल्याला विचारा.

1992 ला रंग बदलून गडद नेव्ही ब्लू आणि चंदेरी केला, ती जर्सी आता नव्वदच्या दशकाच्या हौशी लोकांमधे जोरात आहे, मला ती उदास वाटते. टीमचे दिवसही तसेच होते. 1994 ला पीटर कारमानोसने टीम विकत घेतली, 1996 ला सांगितलं 11,000 सीझन तिकिटं खपवा नाहीतर बघतो, लोकांनी साडेआठ हजारांच्या आसपास खपवली, वर्षभर थांबला, आणि मार्च 1997 ला जाहीर केलं की जातोय. कुठे ते तेव्हा ठरलेलंसुद्धा नव्हतं. करार लवकर मोडायचे 2 कोटी 5 लाख डॉलर भरले आणि गेला. 13 एप्रिल 1997 ला टॅम्पा बेविरुद्ध शेवटची मॅच, 2-1 ने जिंकली, टीमचा शेवटचा गोल कॅप्टन केव्हिन डिनीनचा. टीम नॉर्थ कॅरोलायनात जाऊन कॅरोलायना हरिकेन्स झाली, आणि 2006 ला स्टॅनली कप घेऊन बसली.

आता इथे खरी गोची आहे जी कुठल्याच प्रॉडक्ट पेजवर लिहिलेली नसते. व्हेलर्सचा लोगो गेला तो टीमबरोबरच गेला. हरिकेन्सने 2018 ला स्वतःच्या दुकानात व्हेलर्सचा माल लावला आणि डिसेंबरमधे ब्रुइन्सविरुद्ध रालीत, आपल्या घरच्या शहरात, व्हेलर्सची जर्सी घालून मॅच खेळली. इकडचे अर्धे लोक खूश, अर्धे भडकले, की आमची टीम पळवली आणि आता आमच्याच आठवणी आम्हाला विकताय. अधिकृत माल घ्याल तर या भावनेला इलाज नाही, आणि डुप्लिकेट घ्याल तर एच बिघडतो. मी अधिकृत घेतली आणि तोंड बंद ठेवलं. किंमत चांगली दोनशे डॉलरच्या घरात जाते कस्टम नाव टाकलं की, त्यामुळे नुसता लोगोच आवडला असेल तर टोपी घ्या, दहा टक्क्यांत काम होईल. जर्सीला माझ्याकडून 5 पैकी 4, कापलेला एक कार्डासाठी.

जाता जाता, दुसऱ्या नंबरची घेणार असाल तर एवढं तपासा. फ्रान्सिसची 10 नंबर घ्या खुशाल, पण हिरवी किंवा जुनी पांढरी. नेव्ही ब्लू रंगात फ्रान्सिस 10 कुणी विकत असेल तर त्याला इतिहास माहीत नाही, कारण नेव्ही ब्लू आली 1992 ला आणि फ्रान्सिस गेला 1991 ला. होवचं तर सोडाच. ज्याला नेव्ही ब्लूच पाहिजे त्याने डिनीन 11 घ्यावी, तो 1991 ला गेला आणि 1995 च्या शेवटी परत आला, त्यामुळे दोन्ही रंगांत चालतो.