ग्रीन रेटिंग, बीईईचे स्टार की स्वतःची तपासणी: फ्लॅट घेताना कशावर भिस्त ठेवावी?

‘ग्रीन होम’ म्हटलं की घेणारा धरून चालतो की विजेचं बिल कमी येणार. बिल्डरही तो समज खोडून काढत नाही.

आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) या संस्थेचं रेटिंग सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्यांत मिळतं, ‘गृह’ (GRIHA) या दुसऱ्या रेटिंग पद्धतीचं एक ते पाच स्टारमध्ये. दोन्हीकडे गुण अनेक बाबींचे असतात: पावसाचं पाणी, सांडपाणी, कचरा, बांधकामाचं साहित्य आणि वीज. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या भागात पाण्याचे गुण काही फुकट नाहीत. पण गोल्ड म्हणजे घर थंड, असा अर्थ निघत नाही. शिवाय बुकिंगच्या वेळी दाखवतात ते बहुतेकदा प्री-सर्टिफिकेशन, म्हणजे नकाशे आणि आराखडा पाहून दिलेलं. इमारत उभी राहिल्यावरचं अंतिम प्रमाणपत्र वेगळं असतं. नुसत्या प्री-सर्टिफिकेशनसाठी मी चौरस फुटामागे एक रुपयाही जास्त देणार नाही.

बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, घरांसाठीचं स्टार लेबल फक्त ऊर्जेचं आहे, म्हणून या कामाला ते जास्त नेमकं. ते सक्तीचं नाही, त्यामुळे क्वचितच दिसतं. नसेल तर प्रकल्पाची आरईटीव्ही विचारा. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा हा आकडा. घरांच्या ऊर्जा बचतीसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेत त्याची कमाल मर्यादा चौरस मीटरला 15 वॅट आहे. जितका कमी तितका चांगला. सेल्स ऑफिसला हा शब्द माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. आर्किटेक्टकडून लेखी मागवायला सांगा.

रिसेल फ्लॅटची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये घर विकताना ए ते जी श्रेणीचं ऊर्जा प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते दहा वर्षं चालतं. आपल्याकडे असा कागद कुणी देत नाही, तेव्हा तपासणी आपणच करायची. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. मायव्हानची (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) सलग काँक्रीटची भिंत असेल तर ती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत सोडते. पश्चिमेला मोठं स्लायडिंग आणि वर छज्जा नाही, तर एसी रात्री उशिरापर्यंत चालणार हे गृहीत धरा.

मग मालकाकडून महावितरणचं बिल मागा. मागच्या महिन्यांचे युनिट त्यावर छापलेले असतात. जानेवारी आणि मे यांतला फरक पाहिलात की उन्हाळा किती महाग पडतो ते कळतं. 300 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना वरचा दर लागतो, म्हणून हा फरक रुपयांत आणखी टोचतो. अर्थात माणसं किती आणि एसी किती, हेही विचारून घ्या.

ऊर्जा लेखापरीक्षक बोलावावा का? एका टू बीएचकेसाठी नको, फी वसूल व्हायची नाही. सोसायटीसाठी मात्र जरूर बोलवा. पंप, लिफ्ट आणि पार्किंगचे दिवे यांत बचतीला जागा असते आणि ते बिल मेंटेनन्समधून तुम्हीच भरता.

माझा क्रम असा: नवा फ्लॅट असेल तर आधी लेबल किंवा आरईटीव्ही, मग ग्रीन रेटिंगचं अंतिम प्रमाणपत्र. जुना असेल तर हात आणि बिल. आणि वरचा मजला घेत असाल तर गच्चीचं वेगळं विचारा, कारण आरईटीव्हीत छप्पर धरलेलं नसतं.