वॉरहॅमर फँटसी रोलप्ले, चौथी आवृत्ती: करिअर पद्धत काही महिने वापरल्यानंतर

वॉरहॅमर फँटसी रोलप्ले हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन खेळायचा रोलप्लेइंग गेम. क्युबिकल सेव्हन या कंपनीने ही आवृत्ती 2018 मध्ये काढली. पुण्यातला आमचा ग्रुप त्याआधी फक्त डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, याच जातीचा गेम) खेळायचा. आता बरेच महिने गेममधल्या उबर्सराइक शहरात कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी एकच गोष्ट) चालू आहे, बहुतेक पात्रं करिअरच्या दुसऱ्या पायरीवर पोचली आहेत, त्यामुळे बोलायला हरकत नाही. लढाई, जादू, जखमांचे तक्ते यांवर खूप जणांनी लिहिलंय. मी फक्त करिअरबद्दल, म्हणजे पात्राच्या व्यवसायाबद्दल, लिहितो. आम्ही हा गेम सोडला नाही तो त्याच्यामुळे, आणि सेशन संपल्यावर कुरकुर होते तीही त्याच्याचमुळे.

डी अँड डीत तुमचं पात्र फायटर असतं नाहीतर विझर्ड. पोटापाण्यासाठी ते काय करतं याचं उत्तर नावापुरतं. 2014 च्या पुस्तकात बॅकग्राउंड निवडलं की दोन स्किल्स मिळतात, एखादी सवलत मिळते, आणि तिसऱ्या सेशनपर्यंत आपण पूर्वी खलाशी होतो हे खेळणाराच विसरतो. त्याआधी, 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, प्रोफेशन नावाचं स्किल होतं: फासा टाका, येईल त्याच्या निम्मे सोन्याचे तुकडे ही आठवड्याची कमाई. आचारी असो की वकील, हिशोब तोच. व्यवसाय बदलला तर टेबलवर काय बदलतं, याचं उत्तर तिथे नव्हतं.

वॉरहॅमरमध्ये ते आहे. आठ वर्ग, प्रत्येकात आठ, अशी चौसष्ट करिअर्स, आणि प्रत्येक करिअरच्या चार पायऱ्या. तुमच्या करिअरच्या यादीतलं स्किल स्वस्तात वाढतं, यादीबाहेरचं वाढवायचं तर एक्सपी (खेळून मिळणारे अनुभवाचे अंक) दुप्पट मोजा. सगळी मेख या एका नियमात आहे. आमच्या रॅट कॅचरला, म्हणजे उंदीर पकडणाऱ्याला, सुरुवातीला यादीत काय मिळतं बघा: कुत्रा शिकवणं, जनावराला चुचकारणं, गोफण, लपतछपत जाणं, चिवटपणा, आणि दारू पचवणं. टॅलेंट्समध्ये अंधारात दिसणं आणि रोगराईला दाद न देणं. सामानात गोफण, पोतं आणि एक छोटं पण खुनशी कुत्रं. एवढं वाचलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. बॅकस्टोरीची दोन पानं लिहायला लावायची गरज नाही.

आणि तो रॅट कॅचर कुणी मागितला नव्हता. करिअर फाशावर काढायचं, पहिलं येईल ते मुकाट्याने घेतलं तर 50 एक्सपी बक्षीस. तीनदा टाकून त्यातलं एक निवडलं तर 25. स्वतःच्या मर्जीने घेतलं तर शून्य. आमच्यातल्या एकाला सरदारच व्हायचं होतं. फाशावर रॅट कॅचर आल्यावर त्याने चेहरा पाडला, 50 चा आकडा बघितला, "च्यायला, घेतो" म्हणाला. आज गटारात उतरायची वेळ आली की बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात आणि तो कुत्र्याला आधी पाठवतो. इतकं लहान आमिष इतकं कामाचं ठरलेलं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलं नाही.

पैशाची बाजूही जमली आहे. प्रत्येक पायरीला पितळ, चांदी नाहीतर सोनं असा दर्जा आणि पुढे आकडा. पितळवाल्याला आकड्यामागे दहा बाजूंचे दोन फासे टाकून तेवढे पेनी, चांदीवाल्याला एक फासा टाकून तेवढे शिलिंग, सोनेवाल्याला आकड्याइतके क्राउन. बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगांचा क्राउन. रॅट कॅचर पहिल्या पायरीवर पितळ तीन, म्हणजे सरासरी तेहतीस पेनी. वकिलाचं पात्र खेळणारी आमची मैत्रीण बॅरिस्टर झाली की सोन्यात जाईल आणि तिला फासा न टाकता 240 पेनी मिळतील. ही दरी सरायत जेवणाचं बिल आल्यावर लगेच जाणवते, आणि त्यावरून पात्रांमध्ये जी टोमणेबाजी चालते ती कुठल्याही नियमात लिहून आणता येणार नाही. दोन साहसांच्या मध्ये, कुठे ठेवायला दिले नसतील तर, उरलेले पैसे उडून गेले असं धरायचं असाही नियम आहे. सुरुवातीला सगळे चिडले. मला जीएम (गेम चालवणारा) म्हणून तो फार आवडतो, खिसा रिकामा असला की लोक कामं नाकारत नाहीत.

आता कुरकुर. वरच्या पायरीवर जायचं तर चालू पायरीचे सगळे गुण (ताकद, चपळाई असले पात्राचे मूळ आकडे) आणि आठ स्किल्स ठरावीक आकड्यापर्यंत न्यावी लागतात, त्या पायरीचं एक टॅलेंट लागतं, आणि वर 100 एक्सपी. पहिली पायरी पटकन जाते. पात्र बनवतानाच चाळीस अंक स्किल्सवर वाटायला मिळतात. आठांवर पाच-पाच टाकले की ती अट तिथेच फिटली. टॅलेंटही मिळालेलं असतं. उरतं साधारण 350 एक्सपींचं काम. दुसरी पायरी मात्र संपता संपत नाही. चार गुण दहापर्यंत, आठ स्किल्स दहापर्यंत, मी हिशोब मांडला तर दीड हजाराच्या आसपास जातो. आमच्याकडे सेशनला शंभरेक एक्सपी मिळतात आणि पंधरवड्यातून एकदा भेटणंही जिवावर येतं. म्हणजे अर्धं वर्ष एकाच पायरीवर.

त्यात आठ स्किल्सची सक्ती जाचते. वकिलीणबाईंनी कोर्टात तोंड उघडलं की सगळं टेबल गप्प बसून ऐकतं, पण एक्सपी जातात कधी न वापरलेल्या स्किल्सवर, कारण आकडा पुरा करायचाय. अट न पुरवता 200 देऊन करिअर बदलता येतं, वर्ग बदलला तर आणखी 100, पण ती वाट नवीन करिअरच्या पहिल्या पायरीवर जाते. आम्ही आठची सहा केली, आणि सेशनमध्ये खरोखर पणाला लावलेलं यादीबाहेरचं एक स्किल त्या आठवड्यापुरतं यादीतलं धरतो. गेम कुठेही मोडला नाही.

दुसरी अडचण प्रवासाची. वकील, रॅट कॅचर, पहारेकरी एका शहरात छान नांदतात. तीन महिने जंगलात नेलं तर वकील नुसता ओझं होतो. नदीवरची मोहीम असेल तर नावाड्यांचा अख्खा वर्ग चमकतो, पण मग सगळ्यांनीच तसली करिअर्स घ्यायला हवीत. आधी जागा ठरवा, मग फासे टाका.

स्वतःची पद्धत बनवणाऱ्यांसाठी: एखादं करिअर लिहून बघा, सगळं कळतं. मूळ पुस्तकात नाही म्हणून मी दिवे लावणारा बनवला. पहिल्या आठ स्किल्समध्येच खरी डोकेफोड आहे. शिडी चढणं, नजर, गप्पा उकरणं हे सुचतंच; पण रॅट कॅचरच्या दारूसारखी एक सवय असल्याशिवाय त्याला चव येत नाही. मी त्याला जुगार दिला, रात्रभर जागणाऱ्यांची संगत म्हणून. घोडं अडलं ते चौथ्या पायरीवर. दिवे लावणारा शेवटी कोण होतो? नगरपरिषदेचा तेलाचा ठेकेदार, असं मी लिहिलं. ज्याच्याकडे ते पात्र आहे त्याचं म्हणणं, ठेकेदार गटारात कशाला उतरेल, मला तिसऱ्यावरच थांबू दे आणि तिथून स्मगलर होऊ दे. नियमाने चालतं. वर्ग बदलतो म्हणून 100 जास्त पडतील, आणि तो आत्तापासून साठवतोय.