न उघडलेल्या ट्रान्सफर केसचं बिल

माझ्या फोर बाय फोर पिकअप ट्रकच्या पोटाखाली तेलाचा डाग पडायला लागला तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. जुनी गाडी आहे, कुठून तरी पाझरणारच. पण डाग रोज पडायचा नाही. जवळच्या जवळ फिरून आलो की जमीन कोरडी. लांब पल्ला मारून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी तळहाताएवढा लाल डाग. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही. ज्याला सुचायला हवं होतं त्याने डाग कधी पडतो हे विचारलंसुद्धा नाही.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि मिनिटभरात सांगितलं, "ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील गेलंय साहेब. अर्ध्या दिवसाचं काम." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा डबा, तो इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वाटून देतो. त्याचं तेल वेगळं असतं, आणि ते शाफ्टभोवतून बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडी म्हणजे ऑइल सील. माझ्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल पडतं, त्यामुळे डागाच्या रंगावरून निदान मलाही पटलं.

सील बदललं. तीन आठवड्यांत डाग परत. मग "सीलचा लॉटच खराब होता" म्हणून दुसरं सील, आणि मजुरी पुन्हा माझ्याच माथी. इथवरच्या प्रकाराला मी फसवणूक म्हणणार नाही. आळस म्हणेन. तेल जिथून बाहेर येताना दिसतं तिथलं सील बदलायचं, ते का बाहेर येतंय हे बघायचंच नाही, असं काम करणारे पुष्कळ असतात.

तिसऱ्या वेळी मात्र सूर बदलला. "आतली बेअरिंगं गेलीत. शाफ्ट हलतोय, म्हणून सील टिकत नाही. पूर्ण ओव्हरहॉल करावं लागेल." मला हे पटलं, कारण यातलं अर्धं खरं असतं. मागच्या हाउसिंगमधला बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी धातूची कडी, झिजला की शाफ्टचं टोक सीलमध्ये लडबडतं आणि नवीन सील काही दिवसांत कापलं जातं. पण ते तपासायला गाडी खोलावी लागत नाही. शाफ्ट डब्यात शिरतो तिथे हाताने धरून वर-खाली दाबला की खेळ लगेच जाणवतो. मी खाली जाऊन एकदा हात लावला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. मी फक्त एक अट घातली, जुने पार्ट मला परत हवेत. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

चार दिवसांनी गाडी मिळाली. बिलात बेअरिंगं, सील किट, चेन, तेल, मजुरी. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तेलकट बेअरिंग आणि दोन सीलं. आणि खरंच, पुढचे दोन महिने एक थेंब पडला नाही. मी त्या गॅरेजचं नाव आणखी दोघांना सुचवलं. त्यांची मी नंतर माफी मागितली.

मग वेग वाढला की खालून घरघर यायला लागली, आणि एका लांबच्या फेरीनंतर करपल्यासारखा वास. या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी माझी कथा ऐकायच्या आधी लेव्हल प्लग, म्हणजे तेलाची पातळी बघायचं बूच, खोलला. तेल बरोबर असेल तर ते भोकाच्या खालच्या कडेला लागलेलं असतं. मिस्त्रींनी आत बोट घातलं, खाली वाकवलं, बाहेर काढलं. कोरडं. मग तळाचा, तेल काढायचा ड्रेन प्लग खोलला. पुस्तिकेत 1.5 लिटर लिहिलंय. निघालं जेमतेम 600 मिली, आणि तेही काळं, धातूचा चमचमणारा कीस असलेलं. दोन महिन्यांपूर्वी भरलेलं नवीन तेल असं दिसत नाही.

गळती बंद झाली होती ती यामुळे. आत तेलच कमी, तर बाहेर काय येणार?

त्यानंतर त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. डब्याचे दोन भाग जोडणाऱ्या बोल्टांवर जुना रंग होता. बोल्टच्या डोक्यावरून केसवर सलग आलेला, त्यावर वर्षांची भाजलेली माती. बोल्ट एकदा जरी फिरला असता तरी त्या रंगाला चीर गेली असती. एकाही बोल्टवर चीर नव्हती. गाडीत ठेवलेली ती पिशवी मी आणून दाखवली. नंतर डबा खोलल्यावर मिस्त्रींनी त्यातलं बेअरिंग माझ्या शाफ्टवर घालून पाहिलं. ते बांगडीसारखं सैल फिरलं. जुने पार्ट मागा हा सल्ला सगळे देतात. ते आपल्याच गाडीतले आहेत का, हे कसं ओळखायचं ते कोणी सांगत नाही.

मूळ रोग काय होता? ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते, आणि डब्याच्या वरून निघणाऱ्या बारीक नळीतून बाहेर जाते. ती नळी बुजली की दाब सगळ्यात नाजूक जागा शोधतो, म्हणजे सीलची ओठी. म्हणून लांबच्या फेरीनंतरच डाग, आणि म्हणून नवीन सीलही गळायचं. मिस्त्रींनी नळी काढून तोंडाने फुंकली, हवा जाईना. तारेने टोकरल्यावर आतून सुकलेली माती पडली. कुंभारमाशीने घर केलं होतं.

खरी चीड पुढे आहे. अपुऱ्या तेलावर दोन महिने चालल्याने मागचा बुश आणि एक बेअरिंग खरोखरच गेलं होतं. ज्या ओव्हरहॉलचे पैसे मी भरून बसलो होतो, ते आता नव्याने पैसे देऊन करावं लागलं.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो घेऊन गेलो. मालक म्हणाला, "बोल्ट जुनेच वापरतो आम्ही, वरून रंग मारतो." मी विचारलं, "आणि रंगावर जुनी मातीही?" त्यावर तो तेलाचे पैसे परत द्यायला तयार झाला. बाकीचं सिद्ध करा म्हणाला. माझ्याकडे काम देण्याआधीचे फोटो नव्हते, आणि बिलावर नुसतं "बेअरिंग सेट" लिहिलेलं. नंबर नाही, नग नाहीत.

आता मी गाडी सोडण्याआधी जोडावरच्या तीन-चार बोल्टांवर रंगाच्या पेनने बोल्ट ते केस अशी रेघ मारतो, आणि तारखेसह फोटो काढतो. डबा खोलल्यावर, काहीही बदलण्याआधी, मला बोलवायचं हे आधीच ठरवतो. गळती शोधायची असेल तर आधी सगळं धुऊन सुकवायला सांगतो, कारण वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि सगळंच ओलं दिसतं. धुतल्यावर फेरी मारून यायचं आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तरीही कळेना तर तेलात डाय, म्हणजे खास रंग, टाकून यूव्ही दिव्याखाली बघतात. गाडी परत घेताना लेव्हल प्लग माझ्यासमोर उघडायला लावतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ड्रेन प्लगच्या आधी लेव्हल प्लग सुटतोय का तेही बघा. तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते.

पिशवीतलं बेअरिंग अजून माझ्याकडे आहे. ते कोणाच्या तरी गाडीतून निघालेलं असणार. त्याने जुने पार्ट मागितले असतील, तर त्याच्या हातात कोणाचं बेअरिंग पडलं असेल कोण जाणे.