बीबीसी, अल जझीरा की आरटी? बाहेरच्या बातम्या कुणाकडून घ्यायच्या

मावसभाऊ एमपीएससी करतोय, परवा विचारत होता, दादा बाहेरच्या बातम्यांसाठी एकच चॅनल सांग. म्हटलं आधी यूट्यूबवर व्हिडिओखालची ती बारीक पट्टी वाच. अल जझीराखाली कतार सरकारचा पैसा आहे असं सरळ लिहिलेलं असतं, बीबीसीखाली मात्र कसं सोज्वळ, 'ब्रिटिश सार्वजनिक प्रसारण सेवा'! आता बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च 2014 पर्यंत ब्रिटनचं परराष्ट्र खातंच करायचं आणि अजूनही तिथल्या घरोघरी टीव्हीसाठी भरायच्या लायसन्स फीच्या जोडीला तिकडून अनुदान येतंच. फुकटात कोण कशाला आपल्या घरी बातम्या पोचवेल.

तरी माझं मत बीबीसीलाच. 1956 ला सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला त्या वेळी पंतप्रधान ईडनना वाटत होतं बीबीसीने सरकारची री ओढावी, बीबीसीने विरोधी पक्षाची टीकासुद्धा परदेशात ऐकवली, आणि गंमत म्हणजे त्यानेच ब्रिटनची पत वाढली. आपल्याकडे 1984 ला इंदिराजी गेल्याची बातमी आकाशवाणीच्या कितीतरी तास आधी बीबीसीवर आली होती, जुन्या लोकांचा विश्वास बसला तो असा.

अल जझीरा गाझासाठी बघायलाच हवं. 1996 ला ते सुरू झालं तेव्हा सौदी पैशावरचं बीबीसीचं अरबी टीव्ही नुकतंच बंद पडलेलं, तिथली बरीच माणसं इकडे आली, त्यामुळे बातमीची शिस्त पक्की. बाकीच्या अरब राज्यकर्त्यांची सालटी काढतात, पण विषय कतारच्या अमीरांचा, म्हणजे तिथल्या राजाचा, निघाला की आवाज एकदम मऊ.

आरटी 2005 ला रशिया टुडे नावाने आलं, रशियाची चांगली बाजू दाखवायला. ते कोण बघणार, मग अमेरिकेचीच लक्तरं वेशीवर टांगायला लागले, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य असायचं, म्हणूनच माणूस फसतो. युक्रेनवरच्या हल्ल्याला 'विशेष लष्करी कारवाई' म्हणतात तिथे पितळ उघडं पडतं. 2022 ला युरोपियन युनियनने बंदी घातली, यूट्यूबवरूनही गेलं.

जर्मनीचं डीडब्ल्यू करदात्यांच्या पैशावर, नीटनेटकं, माहितीपट मस्त, बातम्या बघताना झोप येते.

म्हटलं रोज बीबीसी, फक्त ब्रिटनची भानगड असेल त्या दिवशी अल जझीरा. म्हणाला, दादा एकच विचारलं होतं. मग डीडब्ल्यू लाव म्हटलं, झोप तरी पुरी होईल.